दिनविशेष : २५ डिसेंबर
ग्लेनफिडिकची पहिली धार (१८८७)

स्कॉटलंडमधील डफटाउन येथे १८८७ साली ऐन नाताळच्या दिवशी ग्लेनफिडिक भट्टीतून व्हिस्कीची पहिली धार पडली. संस्थापक विल्यम ग्रँट यांनी मॉर्टलाक भट्टीत वीस वर्षे नोकरी करून पुंजी जमवली होती. कार्डो भट्टीची जुनी भांडी त्यांनी सुमारे १२० पौंडांना विकत घेतली आणि सात मुलगे व दोन मुलींच्या मदतीने इमारत उभी केली. गेलिक भाषेत ‘ग्लेनफिडिक’ म्हणजे हरणांची दरी.

माल्ट व्हिस्कीसाठी जव भिजवून मोड आणतात, वाळवतात, दळतात. गरम पाण्यात त्यातील गोडवा उतरतो. यीस्टने आंबवलेला हा द्रव तांब्याच्या भांड्यांत दोनदा ऊर्ध्वपातित होतो. भट्टीतून निघणारे मद्य पाण्यासारखे नितळ असते; रंग आणि बराचसा स्वाद ओकच्या पिंपांतून येतो. पिंपात किमान तीन वर्षे मुरल्याशिवाय त्याला कायद्याने ‘स्कॉच’ म्हणता येत नाही.

एकाच भट्टीतील ‘सिंगल माल्ट’ ग्लेनफिडिकने १९६३ पासून स्कॉटलंडबाहेर नेटाने विकायला घेतली. भट्टीची मालकी आजही ग्रँट कुटुंबाकडेच आहे.