हुशार, पण अभ्यासात मन न रमणारी मुले : उन्हाळी सुटीत भाषेचा अभ्यासक्रम कसा निवडावा?

वार्षिक परीक्षा संपते, खान्देशात पारा ४५ अंशांकडे झुकू लागतो आणि दुपारभर मुले घरात अडकून पडतात. याच सुमारास जळगाव-धुळ्यातील अनेक पालकांपुढे एक प्रश्न उभा राहतो. मूल चुणचुणीत आहे, शंका विचारते, गोष्ट रंगवून सांगते. परंतु निबंधाची वही पुढे आली की त्याचे चित्त उडते. अशा मुलासाठी सुटीत भाषेचा कोणता अभ्यासक्रम निवडावा?

आधी कारण शोधावे

‘आळशी’ असा शिक्का मारण्यापूर्वी अनास्थेचे मूळ पाहणे आवश्यक आहे. काही मुलांना पाठ्यपुस्तक फारच सोपे वाटते. काही मुले ‘हुशार’ ही ख्याती गमावण्याच्या भीतीने प्रयत्नच टाळतात. काहींच्या घरची बोली आणि शाळेची भाषा यांत मोठे अंतर असते. दृष्टिदोष, श्रवणदोष किंवा डिस्लेक्सिया असल्यास बुद्धिमान मूल तो बराच काळ झाकून नेऊ शकते; तशी शंका असल्यास आधी तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

अमळनेरचा धडा

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहाची जबाबदारी सांभाळताना त्यांनी विद्यार्थ्यांसाठी हस्तलिखित दैनिक चालविले. पुढे १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ हे मासिकही सुरू केले. त्या दैनिकाचे वाचक एकाच छपराखाली राहणारे होते आणि मजकूर त्यांच्याच जगण्याशी जोडलेला होता. आपले लेखन कोणी तरी वाचणार आहे, ही जाणीव गुणांपेक्षा अधिक प्रभावी ठरते. उन्हाळी अभ्यासक्रमात हीच लेखणी मुलाच्या हाती द्यावयाची आहे.

निवडीचे निकष

१. लेखनाला खरा वाचक असावा. केवळ शिक्षकाने तपासून मिटावयाच्या वह्या नसाव्यात.

२. बोलीला मज्जाव नसावा. असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. पुत्र सोपानदेव व आप्तांनी टिपून ठेवलेली त्यांची गाणी १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, पुस्तकरूपाने आली आणि लेवा बोलीतील ती कविता अवघ्या महाराष्ट्राने आपलीशी केली. घरात ‘आंडोर’, ‘आंडेर’, ‘बठ्ठा’ असे अहिराणी शब्द ऐकणाऱ्या मुलाला ते अशुद्ध आहेत असे सांगणे म्हणजे त्याचे तोंड बंद करणे होय. बोलीतून प्रमाणभाषेकडे जाता येते.

३. विषय निवडण्याची मुभा असावी. क्रिकेट, केळीची बाग, रेल्वे, भुतांच्या गोष्टी यांपैकी कोणताही विषय चालेल.

४. बक्षिसांचा मारा नसावा. अमेरिकेत १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालकांना प्रशस्तिपत्राचे आमिष दाखविल्यावर त्यांचा चित्रकलेतील रस पुढे कमी झाला, असे आढळले.

५. वाचनसाहित्य विविध असावे. ‘बालभारती’चे १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ मासिक यासाठी उपयुक्त आहे.

चार आठवड्यांची आखणी

तयार अभ्यासक्रम या निकषांना उतरत नसेल, तर घरीच पुढील क्रम ठेवता येईल. रोज पाऊण तास पुरेसा आहे.

पहिला आठवडा संकलनाचा. आखाजीची झोक्यावरील गाणी, म्हणी, शेतीचे शब्द आजी-आजोबांकडून ऐकून मुलाने लिहून घ्यावेत. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाला भेट द्यावी. गावोगाव हिंडून जुनी कागदपत्रे मिळविणाऱ्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या स्मरणार्थ ही संस्था उभी राहिली, हे मुलाला सांगावे.

दुसरा आठवडा वाचनाचा. मुलाने निवडलेले पुस्तक पालकांनीही वाचावे आणि त्यावर बोलावे. प्रश्नोत्तरे घेऊ नयेत.

तिसरा आठवडा लेखनाचा. मुलाखत, प्रवासवर्णन, गोष्ट यांपैकी एक प्रकार घेऊन दोनदा लिहावा. पहिल्या खर्ड्यात शुद्धलेखनाच्या चुका दाखवू नयेत. दुसऱ्यात एकाच प्रकारच्या चुका सुधाराव्यात.

चौथा आठवडा प्रकाशनाचा. गल्लीतील चार-पाच मुलांनी मिळून हस्तलिखित अंक काढावा आणि तो शेजाऱ्यांना वाचावयास द्यावा.

काय टाळावे

केवळ सुंदर हस्ताक्षर, व्याकरणाचे तक्ते आणि पुढील इयत्तेचे पाठ आधीच उरकणारे वर्ग या मुलांना उपयोगी पडत नाहीत. ज्याचा कंटाळा आला आहे, तेच सुटीत पुन्हा वाढल्याने गोडी लागत नाही. शेजारच्या मुलाशी तुलनाही कटाक्षाने टाळावी.

जूनमध्ये शाळा उघडताना किती पाने भरली, याचा हिशेब मांडू नये. कोणी न सांगता मुलाने एकदा तरी लेखणी हाती घेतली असेल, तर अभ्यासक्रमाची निवड योग्य होती असे समजावे.