सस्पेन्स खात्यातली जीप

मी बी.कॉम. आहे. त्यामुळे मोटारीच्या दुखण्याबद्दल माझं मत कुणी विचारत नाही. विचारलंच तर मोटारीच्या कर्जाबद्दल. तरीसुद्धा जीपच्या हुडहुडीचा इतिहास लिहायला मी बसलोय, याचं कारण माझ्या सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत.

माझ्या सासऱ्यांनी ही जीप लिलावात घेतली तेव्हाच ती चांगली जाणती होती. सासरे गेले, जीप राहिली. वाईजवळच्या त्यांच्या गावात ती अजून हळदीची पोती, खताची पोती आणि पाहुणे सारख्याच अलिप्तपणे वाहते. एका पावसाळ्यानंतर मात्र तिला व्याधी जडली. चाळीसपर्यंत गरीब गाय. पंचेचाळिसाला पोचली आणि पुढचं एखादं चाक खड्ड्यात आपटलं, की दोन्ही चाकं थडथडायला लागत, स्टेअरिंग हातातून हिसके घेई आणि डॅशबोर्डावरचा गणपती प्रदक्षिणा घालू लागे.

प्रथमोपचार सगळ्यांनी सांगितले. टायर बदला. बदलले. बॅलन्सिंग करा. केलं. अलाइनमेंट झालं. शेवटी एका मिस्त्रीने पुढच्या बाजूला एक आडवा शॉक अॅब्सॉर्बर बसवला. त्याला स्टेअरिंग डँपर म्हणतात. जीप बसवल्या क्षणापासून बरी! मिस्त्री म्हणाला, "आता बघायचं काम नाही." आम्हीही बघितलं नाही.

इथे मला खरं तर संशय यायला हवा होता. तेरीज जुळेना आणि फरक कुठे आहे ते सापडेना, की आमच्या शास्त्रात तो फरक सस्पेन्स खात्याला टाकतात. त्या क्षणी दोन्ही बाजू अशा जुळतात की डोळ्यांत पाणी यावं. चूक मात्र होती तिथेच असते.

तीन महिन्यांनी डँपरमधलं तेल गळून गेलं. ही बातमी आम्हाला गावाजवळच्या पुलावर कळली. मी पुढे, मागे सासूबाई मांडीवर कुरडयांचा डबा घेऊन. पुलाच्या सांध्यावर चाक आपटलं आणि स्टेअरिंग पिसाळलं. समोरून उसाची ट्रॉली. मेव्हण्याने करकचून ब्रेक मारला नाही. अॅक्सिलरेटर सोडला आणि स्टेअरिंग फक्त धरून ठेवलं. अंगातलं वारं उतरावं तशी जीप विसाच्या खाली आल्यावर शांत झाली. ट्रॉली हातभर अंतरावरून गेली. मला तेवढ्यात माझ्या विम्याच्या पॉलिसीचा नंबर आठवला, जो एरवी कधीच आठवत नाही.

"हे होते तेव्हा नव्हती अशी करत," सासूबाई म्हणाल्या.

"आई, अप्पा होते तेव्हा बुशसुद्धा शाबूत होते," मेव्हणा म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "दाजी, भंगारात घालू या हिला."

त्या रात्री सासूबाईंनी ताट बाजूला सारलं.

बँकेत फरक सापडला नाही की आम्ही जुनी रजिस्टरं काढतो. मीही तेच केलं, आणि थक्क झालो. ही हुडहुडी शंभर वर्षांची आहे! अगदी सुरुवातीच्या मोटारींचे टायर अरुंद आणि टणक असत, ब्रेक बहुधा फक्त मागच्या चाकांना. १९२० नंतर माणसाला दोन सुखं एकदम हवीशी झाली. एक, पुढच्या चाकांनाही ब्रेक. म्हणजे पुढच्या अॅक्सलच्या टोकांना जड ड्रम आले. दोन, बलून टायर. कमी हवेचे, गुबगुबीत, १९२३ च्या सुमारास आलेले. बसणाऱ्याचे हाल संपले आणि चालवणाऱ्याचे सुरू झाले. चांगल्या चांगल्या श्रीमंत मोटारी भर रस्त्यात थरथरू लागल्या. अमेरिकेत तेव्हा खांदे गदागदा हलवायचा 'शिमी' नावाचा एक नाच फोफावला होता; बऱ्याच नृत्यगृहांनी त्यावर बंदीही घातली होती. इंजिनियरांनी या रोगाला तेच नाव दिलं. नाचावर बंदी घालता आली, चाकावर कोण घालणार?

१९२५ साली पॅरिसमध्ये जॉर्ज ब्रुलिए नावाच्या इंजिनियराने या शिमीवर निबंध वाचला. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. रबरी टायरचं तोंड ज्या दिशेला असतं, नेमका त्याच दिशेला तो जातो असं नाही. बाजूने रेटा आला की तो थोडा तिरपा सरकतो. म्हणजे टायरच्या बोलण्यात आणि वागण्यात फरक असतो. कर्ज खात्यात मी हेच पाहत आलोय.

दुसरी गोष्ट समजायला मुलाच्या सायकलचं चाक काढावं लागलं. धुऱ्याची दोन टोकं हातात धरा, दुसऱ्याला चाक जोरात फिरवायला सांगा आणि एक हात वर करून ते तिरकं करून बघा. चाक तिरकं होण्याआधी डावी-उजवीकडे वळतं! मी तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा भिंतीचा रंग गेला. जीपमध्ये हेच होतं. पुढची दोन चाकं एकाच अखंड अॅक्सलवर, म्हणजे एकत्र कुटुंबात. डावं चाक खड्ड्यातून वर उडालं की अख्खा अॅक्सल तिरका होतो, आणि मग उजव्यालाही त्यात ओढलं जातं. अॅक्सल तिरका झाला की फिरती चाकं वळतात. वळली की अॅक्सल पुन्हा कलंडतो. एकाची कुरकुर संपायच्या आत दुसऱ्याची सुरू. सांधे घट्ट असतील तर हे भांडण दोन हेलकाव्यांत विझतं. सैल असतील तर, आणि गाडीचा वेग या हेलकाव्यांच्या तालाला जुळला तर, ते वाढतच जातं. पंचेचाळिसाचं रहस्य ते. साठाला न्या, कदाचित थांबेलही. पण तो प्रयोग सासूबाईंना मागे बसवून कोण करणार!

यावरचा जालीम उपाय कुटुंब विभक्त करण्याचा. मॉरिस ऑली हा इंग्लंडच्या रोल्स रॉइसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेलेला इंजिनियर त्याच्या मागे लागला आणि १९३४ च्या मॉडेलांत जनरल मोटर्सने पुढचं प्रत्येक चाक स्वतंत्र टांगलं. एका चाकाचा खड्डा त्याचा त्याने सोसायचा. शिमीचं बरंच निर्मूलन झालं.

मग जीपमध्ये ती परत कशी आली? युद्धामुळे. १९४० साली अमेरिकन लष्कराने एकशे पस्तीस कारखान्यांकडे हलक्या गाडीची मागणी केली आणि नमुन्याला मुदत दिली ४९ दिवस. (आमच्याकडे एवढ्या मुदतीत चेकबुकाचा अर्जही फिरत नाही.) ती पाळली बँटम या छोट्या कंपनीने. अशा घाईत नाजूक स्वतंत्र मांडणी कोण करतं? शिवाय चिखलातून, दगडांतून चारही चाकांनी ओढायचं, म्हणजे दणकट अखंड अॅक्सलच बरा. पाटे, अॅक्सल, किंगपिन आणि देवाचं नाव. पुढे विलिस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांच्या वर जीपा काढल्या. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत त्यांची जोडणी सुरू झाली, आणि तहसीलदारांपासून निवडणुकीच्या उमेदवारांपर्यंत सगळ्यांच्या बुडाखाली जीप आली. नवी असताना ती हलत नसे. मग आमचीच का हलते? दोष तिच्या जन्मदात्यांचा नव्हता. तिला ग्रीस कधी दिलं होतं, ते आमच्यापैकी कुणालाच आठवेना.

एवढं कळल्यावर मी मेव्हण्याला म्हटलं, "डँपर काढा. प्रत्येक नोंद तपासू."

तपासायची रीत सोपी आहे, पोट आड येतं इतकंच. जीप जमिनीवर उभी, इंजिन बंद. मेव्हण्याने स्टेअरिंग चार बोटं डावीकडे, चार बोटं उजवीकडे हलवत राहायचं. मी खाली उताणा पडून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. सांधा आधी टिचकी मारतो आणि मग हलतो, तो गुन्हेगार. टाय रॉडच्या एका टोकाने टिचकी मारली. मधली बेलक्रँक, जिच्यातून दोन्ही चाकांना हुकूम जातो, ती तर टिचकी नव्हे, टाळीच वाजवत होती. पाट्यांचे बुश नावापुरते. पण एकही दोष असा नव्हता की त्याने माणूस मरावा. पाच ठिकाणी पाच-पाच पैशांचा फरक!

मुख्य फरक चाक जॅकवर घेतल्यावर सापडला. वर आणि खाली धरून हलवलं तर चाक खुळखुळलं. मेव्हणा म्हणाला, "व्हील बेअरिंग." मी म्हटलं, "ब्रेक दाबा." ब्रेक दाबल्यावर खुळखुळ थांबली तर व्हील बेअरिंग, चालूच राहिली तर किंगपिन. चालूच राहिली. मेव्हण्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती लग्नानंतर एकोणीस वर्षांनी मला प्रथमच लाभत होती.

उघडल्यावर दिसलं ते असं: किंगपिनच्या बेअरिंगला खड्डे पडलेले, आणि वरच्या टोपीखाली कुणीतरी उदार हस्ते जादा शिमा घातलेल्या. या कागदासारख्या पत्र्यांच्या चकत्यांवर बेअरिंगचा ताण ठरतो. चकत्या जास्त, तर ताण कमी. नवी बेअरिंगं घालून एकेक चकती काढत, वाण्याकडच्या स्प्रिंगकाट्याने ओढून ओढून दोन्ही बाजू सारख्या केल्या. पाट्यांचे बुश, टाय रॉडचं टोक, बेलक्रँकची पिन नवी. दोन्ही चाकं समोरून दोनएक मिलिमीटर आत, टेपने मोजून. हा आकडा जुळायला संध्याकाळ झाली. मला सवय आहे; मेव्हणा मधे दोनदा चहाला गेला.

दुसऱ्या दिवशी पुलावर जायचं ठरलं. सासूबाई आधीच पुढच्या सीटवर बसलेल्या, मांडीवर तोच डबा. मला मागे जावं लागलं. पंचेचाळीस. पुलाचा सांधा आला. जीप एकदा उसळली, खाली बसली आणि सरळ पुढे गेली. गणपती जागचा हलला नाही. "पन्नासला घे," सासूबाई मुलाला म्हणाल्या. त्याने घेतली. परत येताना पुन्हा घेतली.

रात्री त्यांनी मला आग्रहाने चार पुरणपोळ्या वाढल्या. "जावईबापू, तुम्ही बँकेत उगीच राहिलात," असंही म्हणाल्या. मी ते स्तुती म्हणून घेतलं.

मिस्त्रीने मागाहून आणून दिलेला दुसरा, कोरा डँपर तेवढा शिल्लक राहिला होता. मूळ जीपला तो नव्हताच. मेव्हण्याने तो गोठ्याच्या फाटकाला बसवलाय. फाटक आता वाऱ्याने आपटत नाही.