मनकवड्याचं काय करायचं?

आजची गोष्ट माझ्याच फजितीपासून सुरू करतो.

मागच्या महिन्यात आमच्या डी अँड डीच्या टेबलावर एका सरदाराचा खून झाला. विषप्रयोग, चार संशयित. डीएम मीच, म्हणजे गोष्ट चालवणारा, आणि तीन सेशन पुरेल एवढं रहस्य रचून बसलेलो. पहिलाच संशयित समोर आला आणि आमच्या जादूगाराने 'डिटेक्ट थॉट्स' टाकला. समोरच्याच्या मनातलं ऐकायचा स्पेल! मी गडबडलो आणि ठोकून दिलं, "त्याच्या टोपीला आतून शिशाचं अस्तर आहे." दुसऱ्याच्या टोपीलाही शिसंच निघालं. टेबल गप्प. मित्र म्हणाला, "मग हा स्पेल मी घेतलाच कशाला?"

बरोबर होतं त्याचं. पण शिशाची पळवाट माझी नाही हां, ती गेमइतकीच जुनी आहे.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आला, तेव्हा या स्पेलचं नाव होतं 'ईएसपी'. हे नाव प्रयोगशाळेतून आलेलं. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जे. बी. राइन पत्ते ओळखायला लावून अतींद्रिय शक्ती मोजू बघत होते. १९३४ च्या त्यांच्या पुस्तकाने 'ईएसपी' हा शब्द घराघरांत नेला. इतरांनी तेच प्रयोग केले तेव्हा तसे निकाल आले नाहीत, पण शब्द टिकला.

त्या पहिल्या नियमांत हा स्पेल कशासाठी होता? दाराआड किंवा अंधारात कोण दबा धरून बसलंय, ते कळायला. दोनेक फूट दगडातून तो आरपार जायचा, शिशाच्या पातळ थराला मात्र अडायचा. भुयारात फिरताना हे पुरेसं होतं. दाराला कान लावण्याचीच सुधारित आवृत्ती म्हणा ना. पण गेम भुयारातून दरबारात आला, कटकारस्थानं सुरू झाली, आणि हाच स्पेल डीएमच्या जिवावर उठला.

गंमत म्हणजे यावरचं उत्तर गेमच्याही आधी लिहून झालं होतं. आल्फ्रेड बेस्टरची 'द डिमॉलिश्ड मॅन' ही कादंबरी. १९५३ साली कादंबरीसाठीचा पहिलावहिला ह्युगो पुरस्कार तिलाच मिळाला. त्या जगात पोलीस मनकवडे आहेत, तरी एक माणूस खून करतो. विचार लपवायला तो डोक्यात एक चिकट जिंगल घोळवत ठेवतो. (आपल्या डोक्यात एखादं रील दिवसभर वाजतं ना, तसं.) पण मला आवडतो तो पुढचा भाग. मनकवड्या पोलिसाला खुनी कोण ते कळतं, आणि तरीही कथा संपत नाही. कारण मनात वाचलेलं पुरावा म्हणून चालत नाही!

डी अँड डीचे नियमही हळूहळू त्याच दिशेने सरकले. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत नाव 'डिटेक्ट थॉट्स' झालं आणि स्पेल संथ झाला. पहिल्या फेरीत फक्त कुणीतरी विचार करतंय एवढंच कळायचं, वरवरचे विचार तिसऱ्या फेरीत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत आधी फक्त त्या क्षणी मनात जे असेल ते ऐकू येतं. खोलवर शिरायचं तर समोरच्याला फासा टाकून वाचायची संधी मिळते, आणि वाचला किंवा नाही, त्याला कळतंच की कुणीतरी डोक्यात शिरलंय. शिवाय मंत्र मोठ्याने म्हणायचा, हातवारे करायचे, तांब्याचं नाणं जवळ हवं. भर दरबारात हे करून बघा, पहारेकरी काय करतात ते!

शिसं आजही नियमात आहे. पण माझ्या मते डीएमने ते तिजोरीच्या भिंतीला लावावं, प्रत्येकाच्या टोपीला नाही.

पुढच्या सेशनला मी आधी सॉरी म्हणालो आणि टोप्या काढून टाकल्या. जादूगाराने आचाऱ्याचं मन ऐकलं, "तळघराची किल्ली यांना मिळाली तर संपलं सगळं." चोराच्या मनात चांदणं! सगळे तळघराकडे धावले. आत विष नव्हतं, आचाऱ्याचा फरारी भाऊ लपलेला होता. ज्या दासीने खरंच तो प्याला दिला, तिच्या मनात अपराधाचा लवलेश नव्हता. तिच्या लेखी तिने औषधच दिलेलं. मनातलं सगळं खरं, आणि खुनी अजून मोकळाच.

मित्र पंधरा मिनिटं नुसता नोट्स काढत होता. मग म्हणाला, "थांब, तिला औषध कुणी आणून दिलं?"

चौथा संशयित अजून बाकी आहे. शनिवारी बसतोय.