शाळा, कार्यशाळा, घर

१९४४ साली मुंबईत जय आणि होरमसजी वकील या पारशी जोडप्याने स्वतःच्या घरातच काही मुलांना शिकवायला सुरुवात केली. त्यांच्या मुलीला, दिनाला, डाऊन सिंड्रोम होता. तिला दाखल करून घेईल अशी शाळा त्यांना मिळाली नव्हती. म्हणून आईबापांनीच शाळा काढली. आज शिवडीला जी मोठी ‘जय वकील’ संस्था आहे, तिची सुरुवात ही अशी.

यानंतर दोन वर्षांनी, १९४६ मध्ये, इंग्लंडमध्ये ज्युडी फ्रिड नावाच्या आईने एका मासिकात पत्र लिहिलं. तिच्या मुलीलाही शाळेत जागा नव्हती. पत्र वाचून ठिकठिकाणच्या पालकांनी तिला उत्तरं पाठवली आणि त्यातून पालकांची एक संघटना उभी राहिली. ती आज ‘मेनकॅप’ या नावाने ओळखली जाते. दोन्ही बायकांना एकमेकींची खबर असण्याचं काही कारण नव्हतं. तरी दोघींनी जवळपास एकाच वेळी एकच गोष्ट केली: दार उघडत नाही म्हटल्यावर बाहेर थांबलेल्या बाकीच्यांना गोळा केलं.

मला या तारखांमध्ये रस असण्याचं कारण घरातलं आहे. माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे आणि त्याला डाऊन सिंड्रोम आहे. आम्ही मीरा रोडला राहतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि कामाच्या सवयीने कुठलीही व्यवस्था दिसली की ती कुणी, कधी आणि कशासाठी बांधली हे शोधायला लागते. भावासाठी आज जे काही उपलब्ध आहे, त्याचा असा माग काढला की जवळपास प्रत्येक वेळी टोकाला एखादी आई, एखादे वडील किंवा एखादी शिक्षिका सापडते. बहुतेक सगळी बिनपगारी माणसं.

डॉक्टरांनी नाव दिलं

आधी डॉक्टरांचा हिशोब. जॉन लँगडन डाऊन या इंग्रज डॉक्टरने १८६६ साली या अवस्थेचं वर्णन लिहिलं. त्या काळच्या वंशाबद्दलच्या कल्पनांप्रमाणे त्याने या मुलांना ‘मंगोलियन’ म्हटलं आणि तो शब्द जवळपास शंभर वर्षं चिकटून राहिला. १९५९ मध्ये फ्रान्समधल्या जेरोम लेज्युन, मार्थ गोतिए आणि रेमाँ त्युर्पँ यांच्या कामातून खरं कारण जाहीर झालं: २१ व्या गुणसूत्राच्या दोन प्रतींऐवजी तीन प्रती. १९६१ मध्ये काही शास्त्रज्ञांनी ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून जुना शब्द टाकून द्या असं सुचवलं. १९६५ मध्ये मंगोलिया देशानेच जागतिक आरोग्य संघटनेकडे त्या शब्दाला हरकत घेतली. २१ मार्च हा जागतिक डाऊन सिंड्रोम दिवस त्या तीन प्रतींवरूनच आला. तो २००६ पासून पाळला जातो आणि २०१२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या कॅलेंडरवर आहे.

कारण कळलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला घेऊन काय करायचं हे त्यातून कळत नव्हतं. त्याचं उत्तर पुन्हा पालकांकडूनच आलं. बर्मिंगहॅममधल्या रेक्स ब्रिंकवर्थ या शिक्षकाच्या मुलीला डाऊन सिंड्रोम होता. अगदी तान्हेपणापासून बाळाशी ठरवून खेळलं, बोललं, हालचाली करून घेतल्या तर फरक पडतो, हे त्याने घरी करून पाहिलं आणि १९७० मध्ये अशा बाळांच्या पालकांची संघटना काढली. आज कुठल्याही थेरपी सेंटरमध्ये ‘अर्ली इंटरव्हेन्शन’ हा शब्द सहज कानावर पडतो. त्यामागे अशा घरगुती प्रयोगांचा मोठा वाटा आहे.

मुलाच्या वयाबरोबर वाढणारी संस्था

महाराष्ट्रात केवळ डाऊन सिंड्रोमसाठी अशा संस्था फार कमी. आपल्याकडे काम उभं राहिलं ते सगळ्या ‘मतिमंद’ मुलांसाठी एकत्र. हा शब्द आज खटकतो, पण त्या काळी पाट्यांवर तोच होता. पुण्यात सिंधुताई जोशींनी १९६४ मध्ये ‘कामायनी’ सुरू केली. नाशिकमध्ये रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये ‘प्रबोधिनी’ची शाळा काढली. त्या पेशाने शिक्षिका होत्या आणि त्यांचा स्वतःचा मुलगा अशा शाळेची गरज असलेला होता.

या संस्थांच्या वाटचालीत एक क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. आधी शाळा निघते. काही वर्षांनी पहिली मुलं अठरा वर्षांची होतात आणि शाळेचा उपयोग संपतो. मग कार्यशाळा निघते, जिथे मोठी झालेली मुलं पणत्या रंगवतात, राख्या बांधतात, उटण्याची पाकिटं भरतात. दिवाळीच्या प्रदर्शनात आपण ज्या स्टॉलवरून मेणबत्त्या घेतो, तो बऱ्याचदा या दुसऱ्या टप्प्याचा असतो. त्यानंतर आणखी काही वर्षांनी कार्यकारिणीतले पालक सत्तरीला येतात आणि तिसरा टप्पा सुरू होतो: निवासी घर. डोंबिवलीजवळ खोणी गावात ‘अमेय पालक संघटने’चं ‘घरकुल’ आहे. नावातच दोन गोष्टी आल्या. पालक आणि घर.

शाळा, कार्यशाळा, घर. संस्था मुलाच्या वयाप्रमाणे वाढते. संस्थापकांनी पहिल्या दिवशी पन्नास वर्षांचा आराखडा केलेला नसतो. पुढ्यात येईल तो प्रश्न ते सोडवत जातात.

हा क्रम इतका लांबला याचं एक कारण वैद्यकीय आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. हृदयाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या, अँटिबायोटिक्स आली, मुलांना संस्थांमध्ये टाकून देण्याऐवजी घरी वाढवलं जाऊ लागलं, तशी आयुष्यं वाढली. अमेरिकेत १९८३ मध्ये या लोकांचं सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होतं. आज ते साठच्या आसपास आहे.

म्हणजे जय वकील यांच्या पिढीतल्या पालकांना मूल आपल्यामागे राहील का, ही चिंता क्वचितच करावी लागली असेल. आज माझ्या आईबाबांच्या पिढीला ती रोज आहे. शिवाय चाळिशीनंतर अशा व्यक्तींना अल्झायमरचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, कारण त्या आजाराशी संबंधित एक जनुकही २१ व्या गुणसूत्रावरच आहे. वाढलेल्या वर्षांबरोबर वाढलेली काळजीही आली.

तीन खुर्च्यांपैकी एक

‘आमच्यानंतर कोण?’ हा प्रश्न पालकांच्या संघटनांनी इतका लावून धरला की त्याचा कायदा झाला. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या लोकांसाठी तो आहे. सरकारने त्यासाठी १०० कोटी रुपयांचा निधी दिला. ‘निरामय’ ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना याच न्यासाची.

या कायद्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग म्हणजे स्थानिक स्तर समिती. आपल्याकडे मूल अठराचं झालं की कायद्याने सज्ञान होतं आणि आईबापांचं नैसर्गिक पालकत्व संपतं. ज्याला स्वतःचे व्यवहार एकट्याने झेपणार नाहीत, त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमावा लागतो. तो अर्ज या समितीकडे जातो. समितीत तिघं असतात: जिल्हाधिकारी किंवा त्या दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि स्वतः दिव्यांग असलेली एक व्यक्ती.

म्हणजे कुणाच्या आयुष्याची जबाबदारी कुणाकडे जाणार, हे ठरवताना तीनपैकी एक खुर्ची स्वयंसेवी संस्थेच्या माणसाची आहे. रविवारी सतरंज्या घालणारी, वर्गणीची पावती फाडणारी माणसं सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांच्या शेजारी बसून असा निर्णय देऊ शकतात. इतकी जबाबदारी असलेलं बिनपगारी काम फार थोडं असेल.

२०१६ मध्ये दिव्यांग हक्क कायदा आला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. योगायोग असा की २१ च्या या यादीत डाऊन सिंड्रोमचं वेगळं नाव नाही. तो बौद्धिक दिव्यांगत्वात मोडतो आणि प्रमाणपत्रावर टक्केवारी लिहिली जाते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर पुढच्या सवलती.

आमचं शहर

आता मीरा-भाईंदर. १९८५ मध्ये इथे नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती ८ लाख ९ हजार झाली. वीस वर्षांत साडेचार पटींहून जास्त. मुंबईत जागा परवडेना म्हणून लोक दहिसरच्या पुढे आले. आम्हीही तसेच आलो.

जुन्या शहरांत संस्थेला जुनी मुळं असतात: दान मिळालेला वाडा, एखादा ट्रस्ट, तीन पिढ्यांची ओळख. फ्लॅटच्या शहरात तसं काही नसतं. जगभरात साधारण हजार-अकराशे जन्मांमागे एक मूल डाऊन सिंड्रोमचं असतं, असा अंदाज आहे. तो सरसकट लावला तर आमच्या शहरात अशा व्यक्तींची वरची मर्यादा आठशेच्या घरात जाते. लहानपणीच गेलेली मुलं वजा केली तरी काही शे लोक असावेत. पण ते विखुरलेले. मीरा रोडच्या एका टॉवरमध्ये एक, भाईंदर पश्चिमेला जुन्या चाळीत एक, उत्तनच्या कोळीवाड्यात एक. मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू बोलणारी घरं. एकमेकांना शोधायचं हेच इथलं पहिलं काम.

दुसरं काम जिल्ह्याचं. आम्ही पश्चिम रेल्वेवर राहतो आणि आमचं जिल्हा मुख्यालय ठाणे मध्य रेल्वेवर आहे. थेट लोकल नाही. एक तर दादरला जाऊन उलट यायचं, नाही तर घोडबंदर रोडने बस. गर्दीला घाबरणाऱ्या मुलाला घेऊन एका सहीसाठी हा प्रवास दोनदा करावा लागला की घरं प्रयत्न सोडून देतात.

आमच्या ओळखीतल्या पालकांच्या गटात एक काकू आहेत. नोकरीतून निवृत्त झालेल्या, मुलगी तिशीची. कुठला अर्ज ऑनलाइन, कुठला हाती द्यायचा, यूडीआयडी कार्डावर नाव आधारसारखंच का हवं, अठरा पूर्ण होण्याआधी कोणते कागद जमवून ठेवायचे, हे सगळं त्यांना तोंडपाठ. नवं बाळ झालेल्या घरी त्या स्वतः जातात. तिथे आधी बाळाला मांडीवर घेतात, बाळाच्या आईला जेवलीस का विचारतात, आणि कागदांचं बोलणं पुढच्या भेटीला ठेवतात. मी त्यांना विचारलं, ‘‘काकू, हे सगळं लिहून का नाही ठेवत?’’ त्या म्हणाल्या, ‘‘अगं, लिहायला बसले तर फोन कोण उचलणार?’’

त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि धोकाही तिथेच आहे. आमच्या प्रोजेक्टमध्ये एखाद्याच्याच डोक्यात सगळं असेल तर मॅनेजर अस्वस्थ होतो, दुसऱ्याला शिकवून ठेवा म्हणतो. पालकांच्या गटात सगळं एका काकूंच्या डोक्यात असतं आणि त्या ६७ वर्षांच्या असतात.

पुढचा कार्यवाह

सामाजिक संस्थेची नोंदणी करायला किमान सात माणसं लागतात. पुढे विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. माझ्या मते पालक संघटनांच्या इतिहासातला सर्वांत अवघड कागद हाच. शाळा काढणं अवघड होतं, पण ते करायला आईबापांची निकड होती. पुढची पिढी त्याच निकडीने येईल, असं नाही. साधारणपणे संस्थापकांची मुलं संस्था पुढे चालवतात. इथे संस्था ज्या मुलासाठी काढली, त्याच्याकडून ती अपेक्षा कुणी केलेलीच नसते. तरुण पालक येतात, पण त्यांचं बाळ दोन वर्षांचं असतं आणि त्यांना स्पीच थेरपी हवी असते. पन्नाशीच्या ‘मुलांच्या’ घराचा प्रश्न त्यांना अजून वीस-पंचवीस वर्षं लांब वाटतो.

उरतात भावंडं. आमच्याबद्दल सगळे गृहीत धरतात, पण विचारत कुणी नाही. लग्नाची बोलणी सुरू झाली की आई समोरच्यांना भावाबद्दल पहिल्याच फोनवर सांगते. पुढचा फोन येतो किंवा येत नाही. बहिणीने ‘करायचंच’ असतं आणि सासरी गेल्यावर ‘कसं करणार’ असंही असतं. मला वाटतं, भावंडांनी हे ओझं घरात एकेकट्याने उचलण्यापेक्षा संस्थेत एकत्र उचलावं. मी भावाची कायदेशीर पालक होईनही. पण मला काही झालं तर ज्याला फोन करता येईल असे सहा जण त्याच्या आयुष्यात असणं जास्त महत्त्वाचं आहे. सात सह्यांमागचा अर्थ मी तरी असाच घेते.

आणि ती तिसरी खुर्ची, दिव्यांग व्यक्तीची, तिच्याकडेही बघायला हवं. पुण्याच्या गौरी गाडगीळने २००७ मध्ये शांघायच्या स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये पोहण्यात रौप्यपदक मिळवलं. तिच्या आयुष्यावर २०१४ मध्ये ‘यलो’ हा चित्रपट आला आणि त्यात तिने स्वतःचीच भूमिका केली. डाऊन सिंड्रोम असलेली व्यक्ती स्वतःची गोष्ट स्वतः सांगू शकते, हे मराठी प्रेक्षकांनी पाहिलं आहे. बैठकीच्या खोलीत मात्र अजूनही आपणच त्यांच्यासाठी बोलतो.

गेल्या काही महिन्यांपासून आमच्या गटात दर महिन्याच्या भेटीची हजेरी माझा भाऊ घेतो. त्याला सगळ्यांची नावं लिहिता येत नाहीत, म्हणून मी फोटोंचा तक्ता छापून दिला आहे. त्यावर तो टिकमार्क करतो. कुणी आलं नसेल तर फोन लावून द्यायला लावतो आणि विचारतो, ‘‘का नाही आलात?’’ मागच्या महिन्यात काकू तापाने आल्या नव्हत्या. त्याने त्यांनाही फोन केला. काकूंनी पुढच्या वेळी नक्की येईन असं कबूल केलं आणि वही कुठे ठेवली आहे तेही सांगितलं. त्यांनी लिहायला सुरुवात केली आहे.