एकास पाच

संगणकाच्या यूएसबी खाचेत बसणारी आणि सांगू तितके व्होल्टेज बाहेर देणारी छोटी पेटी घेतली, की माहितीपत्रकात श्रेण्यांची यादी सापडते: 0 ते 5 व्होल्ट, 0 ते 10, उणे 10 ते अधिक 10. काही पेट्यांत कडेला आणखी एक श्रेणी असते, 1 ते 5. बाकी सगळ्या शून्यावरून निघतात किंवा शून्य ओलांडतात. हीच तेवढी एकापासून सुरू होते. या पेटीची उरलेली कुळकथा सर्वांना ठाऊक आहे. बोलणे आकड्यांत बदलून तारेवरून पाठवायची कल्पना अॅलेक रीव्ह्जने 1938 मध्ये पेटंटात मांडली, पुढे आकड्याचे पुन्हा व्होल्टेज करणारे मंडल एका चिपवर मावले आणि 1996 मध्ये यूएसबीचे पहिले मानक निघाले. पण त्या एकाचे मूळ विजेत सापडत नाही. ते हवेत आहे.

कारखान्यात विजेआधी निरोप्याचे काम बारीक नळीतली दाबाखालची हवा करत असे. शून्य टक्के म्हणजे 3 पौंड प्रति चौरस इंच, शंभर टक्के म्हणजे 15. शून्याला 3 देण्याची कारणे दोन. नॉझलसमोरची पट्टी हलवून दाब बदलणारी यंत्रणा अगदी कमी दाबाला सरळ प्रमाणात चालत नाही. शिवाय नळी फुटली तर दाब शून्यावर येतो, आणि तो शून्य निरोपातल्या शून्यापेक्षा वेगळा ओळखू येतो. मेट्रिक मापात हीच श्रेणी 0.2 ते 1.0 किलो प्रति चौरस सेंटिमीटर झाली. नंतर 4 ते 20 मिलिअँपिअरचा विद्युतप्रवाह आला. तो 250 ओहमच्या रोधातून नेला की 1 ते 5 व्होल्ट मिळतात. तीनास पंधरा, शून्य पूर्णांक दोनास एक, चारास वीस, एकास पाच: मापे चार, प्रमाण एकच.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला आहे. चार मिलिअँपिअर हवेवरून आले नाहीत. दोनच तारांवर चालणाऱ्या ट्रान्समीटरला स्वतः जगायला तेवढा प्रवाह लागतो, म्हणून ते ठेवले. आक्षेप खरा आहे, पण त्याने सुटतो तो निम्माच प्रश्न. 4 ते 20 रुळण्याआधी 10 ते 50 मिलिअँपिअरची श्रेणी चालत होती, कारण तेव्हाच्या चुंबकीय प्रवर्धकांची भूक मोठी होती. भूक घटली तसा खालचा आकडा 10 वरून 4 वर आला, पण वरचाही त्याच हिशोबाने 50 वरून 20 वर उतरला. केवळ भुकेचाच प्रश्न असता तर 4 ते 50 करायला कोणाची हरकत होती? तेव्हा आकार इलेक्ट्रॉनिक्सने ठरवला आणि प्रमाण हवेने दिले, असे मानणे मला भाग पडते. यूएसबीच्या 5 व्होल्टशी इथल्या पाचाचे नाते लावणेही चूक. 3 ते 15 ही जोडी त्या खाचेहून कितीतरी जुनी. आणि 0 ते 10 व्होल्ट ही श्रेणी या कुळातली नव्हेच. अॅनालॉग संगणकांतल्या अधिक-उणे 10 व्होल्टच्या घराण्याशी तिचे जुळते, आणि त्या घराण्याला फुटक्या नळीची धास्ती कधी नव्हती.

आता व्होल्टेजच्या मराठी शब्दाकडे. शाळेचे पुस्तक ‘विभवांतर’ शिकवते, वीज कंपनी मात्र ‘उच्चदाब’ आणि ‘लघुदाब’ वाहिनी लिहिते. विजेला दाब कसला, असे शुद्धतावादी विचारतात. हा दाब शेतकऱ्याने पाण्यावरून घेतला, असे दुसरे म्हणतात. पण मोटर फुकट गुणगुणते तेव्हा नांदेडचा शेतकरी ‘दाब कमी’ म्हणेल, ‘लघु’ म्हणणार नाही. त्या जोडशब्दावर कचेरीचा शिक्का आहे. कचेरीने तो इंग्रजीतून घेतला असे धरले, तर ‘टेन्शन’ की ‘प्रेशर’ हा प्रश्न उरतो, कारण विजेसाठी इंग्रजीत दोन्ही शब्द चालत. ‘टेन्शन’वरून आला असता तर मराठीत ‘ताण’ रुजला असता. म्हणून माझे मत ‘प्रेशर’च्या बाजूने. काहीही असो, या पेटीपुरता तो शब्द अक्षरशः खरा ठरतो: ती देते तो विद्युतदाब हवेच्या दाबाच्याच गादीवर बसला आहे.

ही वंशावळ केवळ हौसेची नाही, जोडणीत ती कामाला येते. नांदेडला विष्णुपुरीच्या गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत इन्स्ट्रुमेंटेशनचा स्वतंत्र विभाग आहे. तिथल्या विद्यार्थ्याला लातूरच्या डाळ मिलमधल्या मोटरचा वेग या पेटीने बदलायचा आहे, असे समजा. पेटी आणि मोटरच्या विजेची वारंवारता बदलून वेग ठरवणारा ड्राइव्ह यांची शून्य व्होल्टची तार एकत्र जोडायची, ड्राइव्हचे अॅनालॉग इनपुट 1 ते 5 व्होल्टवर ठेवायचे, आणि मोटर लावण्याआधी मल्टिमीटरने व्होल्टेज पडताळायचे. पुढचा हिशोब भास्कराचार्यांच्या लीलावतीतले त्रैराशिक: प्रमाण, फल, इच्छा. ‘अॅनालॉग’ या ग्रीक शब्दाच्या पोटातही प्रमाणच आहे. 50 हर्ट्‌झला 5 व्होल्ट, तर 25 हर्ट्‌झला अडीच, असे उत्तर घाईत निघते आणि चुकते. आधी तो एक वजा करायचा, त्रैराशिक उरलेल्या चारावर मांडायचे आणि एक परत मिळवायचा. उत्तर 3 व्होल्ट. 12 बिटांच्या 0 ते 5 व्होल्ट पेटीला आकडा द्यायचा तो 2457, कारण 4095 ला पाचाने भागले की दर व्होल्टला 819 येतात.

व्यवहारी माणूस विचारेल, पाचातला एक व्होल्ट, म्हणजे 819 पायऱ्या, वाया का घालवायच्या? 0 ते 10 च्या श्रेणीत तार तुटली तर ड्राइव्हला शून्य दिसतो, आणि मोटर मुद्दाम थांबवली की निरोपच हरवला हे त्याला कळत नाही. 1 ते 5 मध्ये थांबण्याचा हुकूमही एक व्होल्ट घेऊन येतो. त्याखाली जे दिसेल तो बिघाड. त्या 819 पायऱ्या म्हणजे फुटक्या नळीच्या भीतीपोटी भरलेला जुना हप्ता आहे. नळी गेली, तारा आल्या. पण तुटायचे त्याही राहिलेल्या नाहीत.