बीटा ब्लॉकर गोळ्यांचे दुष्परिणाम: कोणते साधे, कोणते लगेच सांगायचे?

मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, प्रोप्रानोलॉल ही बीटा ब्लॉकर औषधे. गोळीच्या पाकिटावर ब्रँडच्या नावाजवळ घटकाचे नाव छापलेले असते. त्याच्या शेवटी ‘लॉल’ असेल, तर ती बहुधा याच गटातली गोळी आहे. बीपी, अंजायना, हार्ट अटॅकनंतर, हृदयाचे अनियमित ठोके आणि हार्ट फेल्युअर यांसाठी ती दिली जाते.

ही गोळी ॲड्रेनलिनचा हृदयावरचा परिणाम कमी करते. त्यामुळे ठोके मंदावतात आणि हृदयावरचा ताण घटतो. बरेचसे दुष्परिणामही यातूनच येतात.

नेहमी दिसणारे दुष्परिणाम

- थकवा, जिना चढताना पाय जड वाटणे
- उठल्यावर चक्कर येणे. आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, मग उभे राहा.
- हातपाय गार पडणे
- झोप नीट न लागणे, विचित्र स्वप्ने (प्रोप्रानोलॉलने जास्त)
- लैंगिक संबंधात अडचण. संकोच न करता डॉक्टरांना सांगा, औषध बदलता येते.

थकवा आणि चक्कर बहुतेकांना काही आठवड्यांत कमी होते.

मधुमेह किंवा दमा असल्यास

साखर खूप कमी झाली की छाती धडधडते, हात थरथरतात. ही गोळी या खुणा झाकू शकते. घाम मात्र येतोच. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील आणि अचानक घाम फुटला, तर लगेच साखर तपासा. दमा असेल तर गोळी सुरू करण्याआधीच सांगा. काचबिंदूच्या टिमोलॉल थेंबांचाही उल्लेख करा; तेही बीटा ब्लॉकरच आहेत.

डॉक्टरांना लगेच कळवा

- नाडी मिनिटाला 50 पेक्षा कमी (मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण मिनिटभर मोजा)
- दोन-तीन दिवसांत 2 किलो वजन वाढणे, पायांवर सूज

शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, जोराचा दम लागणे किंवा छातीत घरघर झाल्यास वाट पाहू नका. 108 वर रुग्णवाहिका बोलवा.

गोळी मनाने बंद करू नका

‘आता बीपी नॉर्मल आहे’ किंवा ‘थकवा येतो’ म्हणून अनेक जण गोळी एकदम सोडतात. सर्वांत मोठा धोका इथेच आहे. गोळीने आवरून धरलेले ठोके आणि बीपी उसळतात. अंजायना वाढू शकतो, हार्ट अटॅकही येऊ शकतो. बंद करायची असेल, तर डॉक्टर डोस हळूहळू, साधारण एक-दोन आठवड्यांत उतरवतात. गावाला जाताना पुरेशा गोळ्या सोबत ठेवा. एखादी वेळ चुकली, तर पुढच्या वेळी दोन गोळ्या घेऊ नका.

त्रास होत असेल, तर आठवडाभराची नाडी आणि बीपी वहीत लिहून ती डॉक्टरांना दाखवा. डोस कमी करणे किंवा गोळी बदलणे बहुतेक वेळा शक्य असते.