औषधांचे दुष्परिणाम व अतिमात्रा : काय करावे, कोठे कळवावे?

प्रस्तावना

कोणतेही नवे औषध बाजारात येण्यापूर्वी त्याच्या चाचण्या काही शे किंवा काही हजार रुग्णांवर होतात. दहा हजारांत एखाद्यालाच होणारा दुष्परिणाम अशा चाचण्यांत बहुधा दिसत नाही. तो दिसतो तो औषध लाखो लोक घेऊ लागल्यावर आणि तेही कोणीतरी तो कळवला तरच. थॅलिडोमाइड हे औषध गर्भवती महिलांना मळमळीवर दिले जात असे. त्यामुळे अनेक देशांत हजारो बालके हातापायांच्या व्यंगासह जन्माला आली. काही डॉक्टरांनी आपली शंका उघडपणे मांडल्यावर १९६१ मध्ये ते जर्मनीत मागे घेण्यात आले. या अनुभवातून जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये औषधांवर लक्ष ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला.

भारतात हे काम 'भारतीय औषध दक्षता कार्यक्रम' (फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया) करतो.

कार्यक्रमाची रचना

हा कार्यक्रम केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालयाने जुलै २०१० मध्ये सुरू केला. सुरुवातीला त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र नवी दिल्लीच्या एम्समध्ये होते. एप्रिल २०११ पासून ते गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे आहे. देशभरातील वैद्यकीय महाविद्यालये व रुग्णालयांत दुष्परिणाम नोंदणी केंद्रे आहेत.

दुष्परिणाम आणि अतिमात्रा यांतील फरक

- दुष्परिणाम : औषध योग्य मात्रेत घेऊनही शरीरावर झालेला अपायकारक परिणाम. उदा. अंगावर पुरळ, कावीळ, धाप लागणे, रक्तस्राव.
- अतिमात्रा : चुकून किंवा जाणूनबुजून ठरलेल्या मात्रेपेक्षा जास्त औषध पोटात जाणे. ही तातडीची स्थिती आहे. येथे आधी उपचार, मग नोंद.

कोणती लक्षणे दुर्लक्षित करू नयेत?

- फिट येण्यावरील औषध (उदा. कार्बामाझेपीन) सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप, तोंडात फोड, डोळे लाल होणे, कातडी सोलणे.
- क्षयरोगाच्या गोळ्या चालू असताना डोळे पिवळे होणे, गडद लघवी, उलट्या, भूक मरणे.
- वेदनाशामक घेतल्यानंतर काही आठवड्यांनी ताप, पुरळ, चेहऱ्यावर सूज, गाठी येणे.
- इंजेक्शन किंवा गोळीनंतर लगेच श्वास कोंडणे, चक्कर येणे, ओठ-जीभ सुजणे.

अशा वेळी पुढचा डोस घेण्यापूर्वी त्वरित डॉक्टरांना दाखवावे. श्वास कोंडल्यास किंवा ओठ-जीभ सुजल्यास थेट रुग्णालय गाठावे. मात्र किरकोळ त्रासासाठी फिटचे किंवा क्षयरोगाचे औषध परस्पर बंद करू नये. त्याने आजार बळावतो.

कोण कळवू शकते?

डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते आणि आरोग्य कर्मचारी यांच्याबरोबरच स्वतः रुग्ण किंवा त्याचे नातेवाईकही कळवू शकतात. सर्वसामान्य नागरिकांसाठी वेगळा, सोपा अर्ज असून तो मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे.

दुष्परिणाम त्याच औषधाने झाला अशी खात्री असण्याची गरज नाही. शंका पुरेशी आहे. कारण ठरवण्याचे काम तज्ज्ञांचे आहे. रुग्णाची ओळख गुप्त ठेवली जाते. अर्ज भरणे म्हणजे डॉक्टरांची किंवा कंपनीची चूक मान्य करणे किंवा त्यांच्यावर आरोप करणे नव्हे.

कसे कळवावे?

१. निःशुल्क मदत क्रमांक १८००-१८०-३०२४ (कामाच्या दिवशी, कार्यालयीन वेळेत).
२. 'एडीआर पीव्हीपीआय' हे मोबाइल अॅप किंवा इंडियन फार्माकोपिया कमिशनच्या संकेतस्थळावरील अर्ज.
३. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील दुष्परिणाम नोंदणी केंद्र.

अर्जात काय लिहावे?

- रुग्णाच्या नावाची आद्याक्षरे व वय
- काय त्रास झाला, कोणत्या तारखेला सुरू झाला
- संशयित औषधाचे नाव. शक्य असल्यास कंपनी व बॅच क्रमांक
- सोबत चालू असलेली इतर औषधे (आयुर्वेदिक, घरगुती काढेसुद्धा)
- कळवणाऱ्याचे नाव व संपर्क

म्हणून औषधाचे पाकीट किंवा बाटली टाकून देऊ नये. बॅच क्रमांक त्यावरच असतो.

कळवल्यानंतर काय होते?

नोंदणी केंद्रातील तज्ज्ञ माहिती तपासतात. औषध आणि त्रास यांचा संबंध किती शक्य आहे, हे ठरवून नोंद राष्ट्रीय केंद्राकडे जाते. तेथून ती स्वीडनमधील उप्साला येथील जागतिक माहितीसाठ्यातही पोहोचते. एकसारख्या नोंदी वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊ लागल्या की धोक्याचा इशारा मिळतो. त्यानुसार केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेला माहितीपत्रकात बदल, सावधगिरीचा इशारा अशा शिफारशी केल्या जातात.

उदाहरणार्थ, पाळीच्या वेदनांवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक अॅसिडबाबत ३० नोव्हेंबर २०२३ रोजी सूचना काढण्यात आली. या औषधाने क्वचित 'ड्रेस सिंड्रोम' ही गंभीर अॅलर्जी होऊ शकते, हे आलेल्या नोंदींच्या विश्लेषणातून दिसले होते.

अतिमात्रा झाल्यास

सर्वांत फसवे उदाहरण पॅरासिटामॉलचे. जास्त मात्रा पोटात गेल्यावर पहिल्या दिवशी रुग्ण जवळजवळ बरा दिसतो. यकृताला झालेली इजा दोन-तीन दिवसांनी उघड होते. एन-अॅसिटिलसिस्टीन हा त्यावरील उतारा पहिल्या आठ तासांत दिल्यास सर्वाधिक उपयोगी पडतो. त्यामुळे 'काही होत नाही' म्हणून थांबू नये.

*घरच्यांनी काय करावे?*

- १०८ किंवा ११२ वर फोन करून रुग्णालय गाठावे.
- उलटी करवू नये, मिठाचे पाणी पाजू नये.
- बेशुद्ध व्यक्तीला कुशीवर वळवावे, तोंडाने काहीही देऊ नये.
- रिकाम्या पट्ट्या, बाटल्या सोबत न्याव्यात. किती व केव्हा घेतले ते सांगावे.
- एम्स, नवी दिल्ली येथील राष्ट्रीय विष माहिती केंद्र २४ तास सल्ला देते : १८००-११६-११७.
- औषध जाणूनबुजून घेतले असल्यास रुग्णाला रागावू नये, एकटे सोडू नये. उपचारानंतर मानसिक आधारासाठी टेली-मानस : १४४१६.

*आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी*

- प्रथम श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण. रक्तातील साखर लगेच तपासावी.
- पॅरासिटामॉलची रक्तातील पातळी औषध घेतल्यापासून चार तासांनंतर मोजावी.
- अफूजन्य औषधांवर नॅलोक्सोन चालते. पण त्याचा असर लवकर ओसरतो, म्हणून रुग्णाला निरीक्षणाखाली ठेवावे.
- रुग्ण स्थिर झाल्यावर नोंदणी अर्ज अवश्य भरावा.

घरात घ्यावयाची काळजी

- मुलांचे पॅरासिटामॉल थेंब व सिरप वेगळे असतात. थेंबांच्या १ मिलिलिटरमध्ये साधारण १०० मिलिग्रॅम औषध असते, तर सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० ते २५० मिलिग्रॅम. थेंब चमच्याने दिल्यास मात्रा अनेक पट होते. बाटलीसोबतचे मोजमापच वापरावे.
- सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच. दोन वेगळ्या नावांची औषधे एकत्र घेण्यापूर्वी पाकिटावरील घटक वाचावेत.
- शीतपेयाच्या बाटलीत औषध भरून ठेवू नये. औषधे मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी कुलपात ठेवावीत.
- पूर्वी एखाद्या औषधाने त्रास झाला असल्यास त्याचे नाव कागदावर लिहून जवळ बाळगावे व प्रत्येक डॉक्टरांना दाखवावे.

आपण कळवलेली एक नोंद आपल्या रुग्णासाठी उशिरा आलेली असू शकते. पण तेच औषध उद्या घेणाऱ्या दुसऱ्या कोणासाठी ती वेळेवर पोहोचते.